कुत्री शाहूपुरीत, पाखरू मुरगुडात

गुरुसिद्ध हंजी एखाद्या बंदुकीला नावं ठेवू लागले की ती चांगली आहे असं धरून चालायला हरकत नसे. "दस्ता मागनं बसवलाय", "नळीला बाक हाय", "नक्षी काय, शेवया वळत घातल्यागत" अशी वाक्यं एकामागून एक आली म्हणजे माल दुर्मीळ. त्यानंतर ते प्यायला पाणी मागत. पाणी मागितलं की माल फारच दुर्मीळ. उलट "चांगली हाय की" म्हणून त्यांनी बंदूक परत केली, तर तशी बंदूक कुठंही मिळाली असती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या नक्षीदार बंदुकांवर मी काही वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहिलं. कोणती बंदूक लेखात घ्यायची आणि कोणती सोडायची, हे ठरवायला माझ्याकडे दुसरं माप नव्हतं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी होती, वडिलांच्या वेळेपासूनची. उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा पायजमा, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम काळा. घरात कन्नड बोलत, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. गुळाच्या सौद्यात माल घेणाऱ्यानं मालाचं कौतुक करायचं नसतं. रव्यात, म्हणजे गुळाच्या ढेपेत, सुरी खुपसायची, कणी जिभेवर ठेवायची आणि तोंड वाकडं करायचं, ही त्या धंद्याची रीत. अण्णांनी बंदुकांना तीच रीत लावली, असं लोक समजत. ते खरं नव्हतं. गुळाच्या बाबतीत ती रीत होती. बंदुकांच्या बाबतीत तो मत्सर होता, आणि अण्णांनी तो कधी लपवला नाही.

"जळतो की मी," ते म्हणत. "त्याबिगर एवढा बारीक दिसतोय व्हय?"

त्यांची माझी पहिली भेट पोलीस ठाण्यात झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची एक निवडणूक. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. त्याची बातमी करायला मी गेलो होतो. व्हरांड्यात रांग लागली होती. कुणी बंदूक गोधडीत गुंडाळून आणली होती, कुणी जुन्या लुगड्यात, एकानं तर उशीच्या अभ्र्यात. रांगेच्या बाहेर, नोंद करणाऱ्या हवालदाराच्या खुर्चीमागे, अण्णा उभे होते. त्यांच्या तीन बंदुका सकाळी सगळ्यांच्या आधी जमा झाल्या होत्या. आता दुपारचे तीन वाजले होते.

"अण्णा, तुमचं झालं न्हवं? आता जावा की घरला," हवालदार म्हणाला.

"जातो की. आदी ह्या पावण्याची लिहून घ्या. नंबर तिथं न्हाय, खाली हाय. उताणी करा."

"तुमाला काय ठावं खाली हाय?"

"हिच्या आईला बघितलंय मी. करा उताणी."

नंबर खालीच होता. हवालदारानं मान हलवली. बंदुकीचा मालक, एक म्हातारा शेतकरी, चकित होऊन अण्णांकडे बघत राहिला. अण्णांनी बंदूक हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "घोडा बदललाय. नक्षी पण कुणीतरी शिकाऊ पोरानं केल्याली दिसतीय. पाणी हाय का हो प्याला?"

संध्याकाळपर्यंत ते तिथंच होते. लोक उमेदवारांची चर्चा करत होते. अण्णांना त्या निवडणुकीत कोण उभं आहे हेही नीट सांगता आलं नसतं. जिल्ह्यातल्या पेट्यांमधल्या आणि माळ्यांवरच्या बंदुका उजेडात येण्याचे त्यांच्या लेखी दोनच मुहूर्त होते. एक निवडणूक आणि दुसरा खंडेनवमी. खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पूजेला मांडतात. गुळाचा हंगाम सुरू व्हायचा असतो, पेढीवर काम नसतं. त्या दिवशी अण्णा पहाटे स्कूटर घेऊन निघत आणि दिवसभर लोकांच्या घरी शस्त्रपूजेचा प्रसाद खात फिरत.

त्यांच्या पत्नी पार्वतक्का हे सांगताना हसत. "मला बघाय आलते तवा चहा पिऊन लगेच उठले. मला धड बघितलं बी न्हवतं. बंदूक असती तर रात्रभर बसले असते."

कायद्यानं तेव्हा एका परवान्यावर तीनच बंदुका ठेवता येत. संग्राहक म्हणवणाऱ्या माणसाला हे लग्नात तीन घास मोजून वाढल्यासारखं होतं. अण्णांनी त्यावर एक वाट काढली होती. लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि नाण्याचा छाप उठवतात, तसा ते बंदुकीच्या नक्षीचा छाप घेत. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर सगळ्यांत देखणं काम असतं. वेली, फुलं, सांबर, वाघ, कधी एखादी देवी. त्यावर पातळ कागद धरायचा आणि मऊ पेन्सिल हलक्या हातानं फिरवायची. शेवट अंगठ्यानं. अंगठा काळा का, ते मला पहिल्या छापाच्या वेळी कळलं. असे शेकडो छाप त्यांच्या कपाटात होते. तीन बंदुका त्यांच्या, बाकी सगळा दुसऱ्यांच्या बंदुकांचा संग्रह.

छापांची एक वही होती. तिच्यात गाव, मालकाचं नाव, बंदूक घरात कशी आली, आधी कुणाकडे होती, असे रकाने. जुना इतिहास ते चिकाटीनं काढत. एखादी बंदूक सांगलीकडच्या सरदाराकडून मामलेदाराकडे, तिथून सुनेच्या माहेरी, तिथून एका पैलवानाकडे कशी गेली, हे ते चार घरं फिरून, चार म्हाताऱ्यांचं बोलणं एकमेकांशी ताडून लिहीत. आमच्या कार्यालयात इतकी तपासणी अग्रलेखाचीही होत नसे. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं, 'माझ्याकडे नसण्याचं कारण'. त्यातल्या काही नोंदी मी उतरवून घेतल्या होत्या. 'म्हातारा विकत नाही.' 'भावाभावांत वाद, थांबावे.' 'देतो म्हणाला, पण माझ्या तीन झाल्या.' एका नोंदीत फक्त 'नशीब' एवढंच होतं.

हा मत्सर नुसता गमतीचा नव्हता. त्यानं एकदा नुकसान केलं. गारगोटीत एका कापड दुकानदाराकडे ठासणीची एक लांब बंदूक होती. नळीवर चांदीच्या तारेनं काढलेली वेल, दस्त्यावर हस्तिदंताचा मोर. अण्णांनी ती पाहिली त्या दिवशी मी बरोबर होतो. त्यांनी दोनदा पाणी मागितलं. मग तासभर त्या बंदुकीची निंदा केली. तार चांदीची नाही, मोर हाडाचा आहे, नळी आतून खाल्ली आहे. दुसऱ्या कुणा शौकिनाचं मन तिच्यावर जाऊ नये, हा त्यांचा हेतू. आपल्या परवान्यावर एक जागा मोकळी करायची आणि वर्षभरात परत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वर्षानं आम्ही गेलो तर भिंतीवर खिळे होते, बंदूक नव्हती.

"सरकारजमा करून टाकली," दुकानदार म्हणाला. "कशाला त्या परवान्याचा ताप? मोडून टाकत्यात म्हणं असली."

अण्णांनी एक खिळा चाचपला. "एवढी चांदीची बंदूक..."

"चांदीची? तुमीच म्हणालासा भंगार हाय म्हणून! ह्यो पावणा साक्षीला हुता की," आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी साक्षीला होतो. त्या बंदुकीचा छाप तेवढा शिल्लक आहे. तो मी पाहिला आहे, मोराची मान अंगठ्याच्या डागाखाली गेली आहे.

त्यानंतर ते निंदा करायचे थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या तीन बंदुकांपैकी दोन साधारण होत्या. तिसरी लंडनमध्ये तयार झालेली दुनळी होती. एका शिकारी जहागीरदारानं खास मागवलेली. त्याच्या नातवाकडून अण्णांनी ती घेतली. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोन्यानं भरलेला एक आकडा होता, दोन. अशा बंदुका जोडीनं मागवत. शिकारी एक झाडी तोवर मागचा माणूस दुसरी भरून ठेवी. म्हणजे एक नंबरची बंदूकही कुठंतरी असायला हवी होती. अण्णा आपल्या बंदुकीला कन्नडमध्ये 'एरडु' म्हणत, दोन. दुसरीला 'ओंदु', एक. 'ओंदु' त्यांनी पाहिलेली नव्हती. तिचा उच्चार ते एखाद्या भाऊबंदासारखा करीत, ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे पण ज्याचा वाटा मोठा आहे.

'एरडु'च्या डाव्या पट्टीवर दोन शिकारी कुत्री कोरलेली होती. एकाचा पुढचा पाय उचललेला, दोघांची नाकं ताणलेली. इतकं बारीक काम की कानामागचे केस मोजता यावेत. कुत्री समोर बघत होती आणि समोर पट्टी संपत होती. उजव्या पट्टीवर नुसती पानं आणि वेटोळी. कुत्री कशाकडे बघतात, ते बंदुकीवर कुठंच नव्हतं.

अण्णांनी जोडीतल्या दोन्ही बंदुका एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. जिल्ह्यात तशी दुसरी जोड कुणाला माहीतही नव्हती. त्यांनी आपल्या मनानं एक निष्कर्ष काढला होता. पाखरू 'ओंदु'वर आहे.

"कुत्री माझ्याकडं, पाखरू दुसऱ्याकडं," ते म्हणत. "सगळ्या शिकारीत मला भुंकणं तेवढं मिळालं."

सौद्याला गूळ घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते विचारत, तुमच्याकडं कुणाच्या घरात दुनळी हाय का, मधे सोन्याचा आकडा असल्याली. पंधरा-वीस वर्षं विचारत होते. लोकांना त्याची सवय झाली होती. काही जण येता येताच सांगत, "न्हाय अण्णा, अजून न्हाय घावली."

माझ्याबद्दल एकच गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती पुढं लागते. मला अण्णांचा हेवा वाटत असे. सदराखाली नाव माझं छापलं जाई, पण त्यातली प्रत्येक खरी गोष्ट त्यांच्याकडून आलेली असे, आणि ते मला अर्धीच सांगत. उरलेली अर्धी कपाटात. मला त्यांच्या आधी काहीतरी शोधून काढायचं होतं. एकदाच.

'ओंदु'चा पत्ता मुरगूडकडच्या एका शेतकऱ्यानं आणला. गावाबाहेर वस्तीवर हौसाबाई नावाच्या एक विधवा बाई राहत. चार म्हशी, थोडा ऊस. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर एक जुनी दुनळी होती आणि तिच्या नळ्यांच्या मधे पिवळी रेघ होती. "एकच उभी रेघ," तो म्हणाला. अण्णांनी सौदा अर्ध्यावर सोडला. पण लगेच गेले नाहीत. खंडेनवमी सतरा दिवसांवर होती. त्या दिवशी बंदूक आपोआप बाहेर येईल, मागायला लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. ते सतरा दिवस त्यांनी कसे काढले ते पार्वतक्कांनी मला सांगितलं. "जेवताना मधेच हात थांबायचा. इचारलं तर म्हणायचे, आत्ता ती बाई त्या पाखराकडं बघत असंल."

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही स्कूटरवरून गेलो. हौसाबाई साठीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. सोप्यात पाटावर विळा, कुऱ्हाड, पाभरीचे फाळ मांडले होते आणि मधोमध बंदूक. झेंडूची माळ घातलेली. माळेखालून सोन्याचा एक दिसत होता.

अण्णांनी आधी हात जोडले. मग विचारलं, "घिऊ का हातात?"

"घ्या की. पूजा झालीया."

त्यांनी माळ बाजूला सारली आणि बंदूक उजेडात फिरवली. डावी पट्टी आरशासारखी लख्ख होती. तिच्यावर काहीही नव्हतं. उजवीवरही नव्हतं. कडेला एका पानाचं टोक राहिलं होतं, तेवढंच.

"बघा की, तोंड दिसतंय," हौसाबाई अभिमानानं म्हणाल्या. "दरसाल खंडेनवमीला मी सोता घासती. विटेची भुकटी वस्त्रगाळ करून, गोड्या तेलात. सकाळधरनं दुपारपातूर. मामंजींनी शिकवलं. म्हणायचे, धन्यानं दिल्याली चीज हाय, तिच्यात तोंड दिसाय पायजे."

सासऱ्यांचा इतिहास त्यांनीच सांगितला. ते जहागीरदाराच्या हाकाऱ्यांचे म्होरके होते. जखमी रानडुक्कर जहागीरदारावर आलं तेव्हा हे मधे पडले. मांडी फाटली. जहागीरदारानं हातातली बंदूक तिथंच त्यांना देऊन टाकली. हातात त्या वेळी एक नंबरची होती.

"तुमाला कमवून मिळाली," अण्णा हळू म्हणाले. "आमी इकत घेटली."

मग त्यांनी ती पट्टी अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "चांगली हाय. लई चांगली हाय." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाणी मागितलं नाही.

सगळं तिथंच संपायला हवं होतं. पण अण्णांनी एक प्रश्न विचारला. "हौसाक्का, ह्या जागी पाखरू हुतं का?"

आमच्या धंद्यात असा प्रश्न विचारत नाहीत. 'काय होतं' असं विचारतात. 'पाखरू होतं का' असं विचारलं की समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघतो आणि तिथलं उत्तर वाचून दाखवतो. हौसाबाईंनी अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हुतं की," त्या म्हणाल्या.

"कसलं?"

"पाखरू, आणि कसलं! उडाल्यालं. पंख असं पसरल्यालं."

"तित्तर?"

"त्ये तुमी ठरवा. मी लगीन हून आली तवा लख्ख दिसायचं. मग मीच घासून घासून घालवलं म्हणायचं." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "कुणी सांगितलंच न्हाई, की त्ये राखायचं असतंय."

अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली.

त्या दिवसापासून अण्णा मुरगूडला जाऊ लागले. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. कोऱ्या पट्टीवर कागद ठेवून छाप उठत नाही. म्हणून ते पट्टीच्या आकाराचा कागद समोर घेऊन बसत आणि हौसाबाई सांगतील तसं काढत. सोबत मी तीन-चार वेळा गेलो. दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असत.

"मागल्या खेपेला झाड न्हवतं," अण्णा तक्रार करत.

"तुमी इचारलं न्हवतं. बोरीचं झाड. खालच्या फांदीला सुगरणीचं घरटं, रिकामं."

"लंडनच्या माणसाला बोर काय ठावं?"

"मग तुमी त्यालाच इचारा जावा. माझ्या म्हशींच्या धारा ऱ्हायल्यात."

अण्णा खोडरबर काढत. बोरीचं झाड येई.

एकदा हौसाबाई म्हणाल्या, "तुमची ती कुत्री तरी दावा की. आमच्या पाखराला कोण भेवडावतंय ते बघू दे." अण्णांनी 'एरडु'चा छाप नेला. तो हौसाबाईंनी दारात, उन्हात धरून पाहिला. कानामागचे केस पाहिले. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी पाखराबद्दल काही सांगितलं नाही. चहाही थंड झाला. "तुमचं शाबूत ऱ्हायलं," एवढंच म्हणाल्या, आणि छाप परत करताना घडी मोडून, सरळ करून दिला. येताना अण्णा स्कूटरवर पुढून ओरडून म्हणाले, "बघितलासा? जळली! पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळलं!" त्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. आवाजात तो नव्हता.

याच काळात मी लंडनला पत्र लिहिलं. तो कारखाना दुसऱ्या कंपनीत विलीन झाला होता, पण जुनी नोंदबुकं शाबूत होती. बंदुकीवरचा क्रमांक कळवला की ती कुणासाठी आणि कशी केली ते ते कळवत. मी हे अण्णांना सांगितलं नाही. कारण वर नोंदवलं आहे.

सात महिन्यांनी उत्तर आलं. नोंदबुकातल्या पानाची प्रत सोबत होती. मजकूर स्पष्ट होता. जोड एकसारखी. दोन्ही बंदुकांवर डावीकडे दोन कुत्री, उजवीकडे पानं. फरक फक्त सोन्याच्या आकड्याचा. पाखराची नोंद नाही. जोडीच्या बंदुका अशाच करत, हेही त्यांनी नम्रपणे कळवलं होतं.

बातमी माझी होती. मी पत्र घेऊन दुपारी पेढीवर गेलो. अण्णा एकटेच होते. मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. वरचा शिक्का पाहिला, उठले, मागच्या कपाटातून एक लिफाफा काढला आणि माझ्या पत्राशेजारी ठेवला. तोच शिक्का. आत तेच पान. तारीख चार वर्षांपूर्वीची. बँकेतल्या एका माणसाकडून त्यांनी इंग्रजीत लिहून घेतलं होतं. मुरगूडच्या त्या पहिल्या खंडेनवमीनंतर, दिवाळीच्या सुमारास.

म्हणजे त्यांना चार वर्षं माहीत होतं. चार वर्षं ते पाखरू काढायला जात होते.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही पाखरू विचारलंत म्हणून बाई हो म्हणाल्या. पाखरू तुम्हीच त्यांच्या तोंडात घातलंत."

"व्हय. पाखरू मी घातलं," ते म्हणाले. "बोरीचं झाड मी घातलं काय? घरटं? पंखाखालनं उन्हाची तिरीप येतीया म्हणाली परवा. तिरीप मी इचारली हुती?"

अण्णांनी माझंही पत्र स्वतःकडे ओढलं.

"वीस-पंचवीस वर्सं झाली, एरडु माझ्याकडं हाय. एक केस झिजला न्हाय तिचा. रोज बघतो. मला दोन कुत्री दिसत्यात." त्यांनी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली. "त्या बाईकडं घासून गुळगुळीत झाल्याली पट्टी. तिच्यावर पण आदी कुत्रीच हुती. आणि तिला पाखरू दिसतंय, झाड दिसतंय, ऊन दिसतंय. आता सांगा. कुणाकडं चांगली बंदूक हाय?"

त्यांनी पत्रांवर काळा अंगठा दाबून धरला.

"जळतो मी तिच्यावर," अण्णा म्हणाले. "आजपातूर वस्तूवर जळलो. ह्ये पहिल्यांदाच असं हाय, की जे पायजे त्ये इकत पण मिळणार न्हाय आणि म्हातारी मेली तरी मिळणार न्हाय." मग माझ्याकडे बोट केलं. "छापू नका. तिला कळलं तर ती थांबंल."

मी छापलं नाही. संपादकांनी दोन-तीनदा विचारलं, मुरगूडच्या बंदुकीचं काय झालं. मी सांगितलं, पुष्टी मिळत नाही. त्या अर्थानं ते खरंच होतं. आता हौसाबाई नाहीत, अण्णाही नाहीत. त्यांच्या मुलाला बंदुकांमध्ये रस नाही, आणि छापांचं कपाट पार्वतक्कांनी कुलूप लावून ठेवलं आहे. थांबायचं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिलं.

पेढीवरच्या त्या दुपारनंतर अण्णा मला एकदाच दिसले. स्कूटर त्यांनी सोडली होती, गुडघे गेले होते. सकाळची वेळ, मध्यवर्ती बस स्थानक. मुरगूडची गाडी लागली होती आणि दारात ढकलाढकली चालली होती. अण्णा बाजूला उभे राहून गर्दी ओसरण्याची वाट बघत होते. काखेत कागदाची सुरळी होती, वरून प्लास्टिक गुंडाळलेली.

"मुरगूड?" मी विचारलं.

"व्हय. काल निरोप आलाय." ते थकलेले दिसत होते, पण घाईत होते. "पाखरानं तोंड फिरवलंय म्हणं. इतकी वर्सं कुत्र्यांकडं पाठ करून उडतंय म्हणत हुती. आता म्हणती, मागं वळून बघतंय."

"मग आता?"

"आता काय? मान परत काढाय लागणार. मानंचं काम लई अवघड असतंय हो."

वाहकानं घंटी मारली. अण्णा कसेबसे चढले. कुणीतरी उठून त्यांना खिडकीजवळ जागा दिली. गाडी खच्चून भरली होती, एकानं त्यांच्या मांडीवर पिशवी टेकवली, दुसरा अंगावर रेलला. अण्णांनी सुरळी काखेतून काढली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, छताजवळ उभी धरली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली तेव्हाही ते हात वरच होते.